पट्टा मारलेली झाडं

माय,

आता घरात बसून झाड न् झाड दिसतं. मला रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, तरी माझा एक जुना विद्यार्थी अधूनमधून कामाचं काही पाठवत असतो. परवा त्यानं उपग्रहाची नवी चित्रं संगणकावर कशी उघडायची ते फोनवर शिकवलं. घाटाच्या पायथ्याचं आपलं गाव सापडलं, विहार सापडला, गावामागची टेकडीही सापडली. चित्र आणखी मोठं केलं की एकेका झाडाचा शेंडा दिसतो म्हणे. मी ते केलं नाही. संगणक तसाच चालू ठेवून चहा करायला गेले, आणि चहा पिताना वाटलं, आधी तुला लिहावं. तुला वाचता येत नव्हतं. माझी पत्रं तू शाळेतल्या बाईंकडून वाचून घ्यायचीस आणि मग विहिरीवर गावभर सांगायचीस, त्यात पदरची दोन वाक्यं घालून. हे पत्र कुणाकडून वाचून घेण्यासारखं नाही.

आपली चूल पऱ्हाटीवर पेटायची. कापूस निघून गेला की लोकांच्या वावरातली वाळली झाडं उपटून द्यायची आणि तीच भारे बांधून घरी आणायची, हा तुझा दरवर्षीचा नेम. टेकडीवरचं लाकूड तू घरात कधी जाळलं नाहीस. "इकाचं लाकूड हाय ते," म्हणायचीस, जणू काही आपण सोनं विकत होतो. पऱ्हाटीचा जाळ भसकन उठतो आणि लगेच बसतो, त्यामुळे भाकर थापताना तुझा एक हात सारखा चुलीत असायचा. बाबा मी लहान असतानाच गेले होते. पहाटे तू आणि गल्लीतल्या बाया टेकडी चढायच्या, धावड्याच्या, सालईच्या सुकल्या फांद्या तोडून मोळ्या बांधायच्या आणि खामगावच्या हॉटेलवाल्यांच्या दारात नेऊन टाकायच्या. वाटेत नाकेदार, म्हणजे जंगलखात्याचा रखवालदार भेटला तर मोळी जायची, एखाद्या दिवशी विळाही जायचा. मग त्या दिवशी तू रिकाम्या हातानं घरी यायचीस आणि माझ्यावर उगाच ओरडायचीस. त्या मोळ्यांवर मी शिकले. आधी खामगावचं वसतिगृह, मग अमरावती, मग नागपूर. कष्टानं शिकवलं वगैरे लोक भाषणात म्हणतात तेव्हा मला तुझी मान दिसते, एका बाजूला थोडी दबलेली.

नाकेदारावर तुझा राग असायला हवा होता, पण एका नाकेदाराची गोष्ट तू आयुष्यभर विसरली नाहीस. खात्यानं काही सागांना पट्टे मारले होते, ठेकेदाराच्या लिलावासाठी. त्यातले काही एका पावसाळ्यात नाहीसे झाले. कुणी नेले हे सगळ्या गावाला ठाऊक होतं, पण जाब आला नाकेदारावर. त्याला कामावरून काढलं. त्याची बायको तुला ताक द्यायची. ते लोक बैलगाडीत भांडी भरून निघाले तेव्हा तू त्यांच्यासोबत वेशीपर्यंत गेलीस, त्यांचा पितळी हंडा तुझ्या डोक्यावर होता. परत आल्यावर म्हणालीस, "साध्या झाडाचं कोणी इचारत नाही. पण पट्टा मारला का त्याचा जाब द्या लागते, पोरी." मी तेव्हा शाळेत होते. मला त्या हंड्याचंच जास्त आठवतं, उन्हात चमकत होता.

पुढे माझी नोकरी लागली आणि तुला ती समजावून सांगणं हे एक वेगळंच काम होऊन बसलं. आकाशात उपग्रह फिरत असतो, तो त्याच टेकडीवरून पुन्हा पुन्हा जातो, दर वेळी चित्र काढतो. त्या चित्रांवरून जंगलात किती लाकूड, किती पाला उभा आहे आणि मागच्यापेक्षा तो किती घटला हे आम्ही काढायचो. सोप्या भाषेत सांगायचं तर जंगलाचं वजन. "झाडाचं वजन?" तू म्हणालीस. "मंग मले इचार ना. माही मान सांगन." मी कार्यालयातून एक छापील चित्र घरी आणलं होतं. त्या चित्रांत हिरवं झाड लाल दाखवतात. डोळ्यांना न दिसणारा एक उजेड पानांवरून परत फिरतो, यंत्राला तो दिसतो, आणि आम्ही त्याला लाल रंग देतो. तू ते चित्र चुलीच्या उजेडात धरलंस. "हे लाल लाल काय हाय वं?" "जंगल हाय माय. जितकं दाट तितकं लाल." "बापा! मले वाटलं पेटून राह्यलं," तू म्हणालीस आणि हसलीस. मीही हसले. त्या हसण्याची मला आता भीती वाटते.

वरून रंग दिसतो, वजन दिसत नाही. ते कळायला खाली येऊन काही झाडं खरोखर तोडावी लागतात. खोड, फांद्या, पाला वेगवेगळा करून काट्यावर घालायचा, मग अमुक घेराच्या झाडाचं वजन अमुक, असा आडाखा बांधायचा. आमच्या साहेबांनी त्यासाठी आपली टेकडी निवडली, कारण मी तिथली होते आणि माणसं मिळवून देऊ शकत होते. गल्लीतल्या सगळ्या बाया पाला खुडायला आल्या. ज्या झाडाला हात लावला की विळा हिसकला जायचा ते झाड आता साहेब स्वतः तोडायला सांगत होते, वरून मजुरी देत होते. "तुह्या पोरीनं तं राज्यच आणलं वं!" असं एकजण तुला म्हणाली आणि तू खोटं खोटं रागावलीस. पोत्यात पाला भरताना तुमच्या गप्पांचा आवाज टेकडीभर होता. मोजून झालेलं लाकूड मात्र न्यायचं नाही, असा हुकूम होता. ते सरकारी होतं. त्याची थप्पी लावून ठेवली आणि पुढे ते तिथेच वाळवीनं खाल्लं. संध्याकाळी घरी जाताना तुम्ही सगळ्याजणी त्या थप्पीकडे बघत जायचात.

मग एक चौकट आखली. टेकडीच्या पोटातला चौकोनी तुकडा, त्यातल्या प्रत्येक झाडाला माणसाच्या छातीच्या उंचीवर पिवळा पट्टा. ही झाडं तोडायची नव्हती. काही वर्षांनी पुन्हा येऊन त्यांचा घेर मोजायचा आणि तो त्या वेळच्या चित्राशी ताडून पाहायचा. चित्रातली लाली खरी किती आणि फसवी किती हे या चौकटीवरून ठरायचं होतं. भाकरी घेऊन तू वर आलीस तेव्हा मी पट्टे मारत होते.

"यातलं एखांदं गेलं तं?"

"तं गेलं म्हणून लिहू."

"जाब कोण देईन?"

"कोणीच नाही माय. आपल्याले फक्त मोजाचं हाय. जे झालं ते मोजाचं. राखाचं नाही."

तू पट्ट्यावर बोट ठेवलंस, ओला रंग बोटाला लागला, तो पदराला पुसलास. "सरकारी पट्टा हाय अन् जाब नाही? येडी समजतेस का वं मले?" मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. साहेबांनीही सांगितलं, ते कोकणातले, बोलायला मऊ. तू त्यांच्यासमोर मान हलवलीस. सरकारी माणसासमोर तू नेहमी जशी हलवायचीस तशीच, हे मला दिसलं होतं. पण उन्हं कलली होती आणि पट्टे मारायचे राहिले होते.

पुढच्या फेरीला आम्ही आलो त्याआधी नवं चित्र नागपुरात आलं होतं. खाली दिवा लावलेल्या काचेच्या टेबलावर ते ठेवून मी आपली टेकडी शोधली. मागच्या वेळची लाली उतरून फिकट राखाडी झाली होती, धुऊन धुऊन विटलेल्या लुगड्यासारखी. म्हणजे जंगल गेलं. आम्ही चौकटीपर्यंत चढलो तेव्हा वाटेत नुसते बुंधे होते, आणि चौकटीत मात्र सगळी झाडं उभी, उलट भरलेली. कडेनं बोरीच्या काट्यांचं कुंपण घातलेलं. तू तिथे आधीच येऊन उभी होतीस, पदर खोचून, शाळेच्या तपासणीला पोरं उभी राहतात तशी ताठ. "मोज," म्हणालीस. "एकबी गेलं नाही."

मी टेप धरून एकेक झाड मोजत होते आणि तू माझ्यामागे चालत होतीस. पाला खुडायला आलेल्या बायांपैकी एक मला बाजूला घेऊन म्हणाली, "तुही माय आम्हाले इकडे फिरकू देत नाही बाप्पा. माह्या पोरीच्या नोकरीचे झाडं हायेत म्हनते. मंग आम्ही तिकडल्या अंगानं जातो. तिकडे सुकं उरलं नाही, मंग वलंच तोडतो. काय करावं?" म्हणजे तू राखलेल्या तुकड्याचा भार बाकीच्या टेकडीनं सोसला होता. तुझं भांडण तुझ्या जन्माच्या मैत्रिणींशी झालं होतं, जानेफळहून आपल्या गल्लीत राहायला आलेल्या तुझ्या माहेरच्या भावजयीशीसुद्धा. एकटीच मोळी घेऊन खामगावला जायचीस म्हणे तू आता, सगळ्यांच्या मागे.

साहेबांनी उतरताना मला हळू आवाजात सांगितलं. "टेकडी कशी जगते आहे ते या चौकटीवरून कळायला हवं होतं. पण ही आता टेकडीसारखी राहिली नाही, ही बाग झाली. हिची वजनं आपण धरली तर फिकट चित्रसुद्धा भरलेलं जंगल म्हणून वाचलं जाईल. इथून अजिंठ्याच्या डोंगरापर्यंत जिथे नुसते बुंधे आहेत तिथे कागदावर झाडं उभी राहतील." त्यांचं बरोबर होतं. एकेक शब्द बरोबर होता. ते म्हणाले, आणखी एक फेरी पाहू, आईंना तेवढं समजाव.

मी स्वयंपाकघरात तुला समजावलं. तू भाकर थापत होतीस, बेसन रटरटत होतं. मी म्हटलं, "माय, ते झाडं राखू नको. तू राखलं तं माहं काम बिघडते." तुझा हात थांबला. पऱ्हाटीचा जाळ बसत आला तरी तू नवी काडी घातली नाहीस.

"झाड राखलं तं काम बिघडते? कोणतं काम हाय वं हे तुह्यं?"

मी चित्राचं, आकड्यांचं सांगू लागले. मग तू चिडलीस. "सरकारचं खातेस अन् झाड गेलं तं गेलं म्हनतेस? त्या नाकेदारालेबी त्याच्या साहेबानं असंच सांगतलं होतं, काही होत नाही म्हून. मंग भांडे भरा लागले त्याले बैलगाडीत. तुहे भांडे मी नाही भरू देनार." मग ताट माझ्यापुढे सरकवलंस. "जेव." सकाळी बसपर्यंत सोडायला आलीस, आणि बस निघताना खिडकीतून म्हणालीस, "मी पाह्यतो. तू काळजी करू नको." आज मला तुझा राग येतो, माय. इतक्या वर्षांनी येतो. मी घसा कोरडा करून सांगत होते आणि तुझा विश्वास माझ्यापेक्षा एका बैलगाडीवर होता.

त्या उन्हाळ्यात तेंदूला कोवळी पालवी फुटावी म्हणून कुणीतरी जंगलाला आग लावली. पानं तोडायच्या हंगामाआधी हे दरवर्षी व्हायचं, लावणाऱ्याला सगळे ओळखायचे आणि त्याचं नाव कधी कुठे यायचं नाही. तू कुणाच्या तरी वावरात कांदे काढत होतीस. धूर दिसला तशी उठलीस. बाकीच्या बाया म्हणाल्या, "बस खाली, दरसालचंच हाय ते." तू म्हणालीस, "पट्ट्याचे झाडं हायेत तिथं." पुढचं मला तुझ्या भावजयीनं सांगितलं, ती तुझ्यामागे धावली होती, भांडण असूनही. पळसाची ओली फांदी मोडून तू चौकटीच्या कडेनं जाळ झोडपत होतीस. वाळला पाला पायांनी, हातांनी मागे ओढत होतीस. बोरीच्या काट्यांचं कुंपण तूच घातलेलं, ते वाळून कोळ झालं होतं, ते एकदम पेटलं. त्या जाळानं लुगड्याचा काठ आधी धरला.

मी जलंबच्या फलाटावर खामगावच्या गाडीची वाट पाहत बसले होते तेव्हा मला फक्त एवढं माहीत होतं की तू भाजली आहेस. किती, ते तारेत नव्हतं. दवाखान्यात तुला कमरेखाली पांढऱ्या कापडात गुंडाळलेलं होतं. तोंडाला काही झालं नव्हतं. तू शुद्धीत होतीस. वासाबद्दल मी लिहीत नाही.

"आलीस?"

"आली माय."

"मोजले का?"

"मोजले."

"किती गेले?"

"एकबी गेलं नाही."

तू डोळे मिटलेस. मग पुन्हा उघडलेस. "नोकरी?"

"हाय ना माय. पक्की हाय."

"मंग जाय, जेवून घे. कवाची उपाशी असशीन." हे तुझं माझ्याशी शेवटचं धड बोलणं. दोनेक दिवसांनी तू गेलीस.

नागपूरला परतल्यावर आगीनंतरचं चित्र आलं. टेकडीच्या जागी काळा डाग होता. तुझी चौकट त्यात जळाली की वाचली हे सांगायची सोय नव्हती, कारण त्या काळच्या चित्रातला लहानात लहान ठिपकासुद्धा आख्ख्या चौकटीपेक्षा मोठा होता. साहेब म्हणाले, जाऊन मोजायची गरज नाही, ती चौकट आपण तशीही वगळणार होतो. अहवालात वगळल्याचं कारण लिहावं लागतं. ते म्हणाले, तू राहू दे, मी लिहितो. मी म्हटलं, नाही. आणि लिहिलं: मानवी हस्तक्षेप. त्याच अहवालात आणखी पुढे टेकडीवरचं जंगल कशानं घटलं याची कारणं होती, त्यात पहिलं होतं, मोळीविक्रीसाठी तोड. म्हणजे एकाच अहवालात तू दोनदा आलीस, एकदा झाडं तोडणारी म्हणून आणि एकदा राखणारी म्हणून, आणि दोन्ही वेळा आकडे बिघडवणारी. आग लावणाऱ्याला तिथे काही नाव नव्हतं, नुसता वणवा. मी लिहिलं ते खोटं नव्हतं. आज पुन्हा लिहायला बसवलं तरी तेच लिहीन, कारण तुझी झाडं हिशेबात धरली असती तर बाकीचे बोडके डोंगर कागदावर हिरवे झाले असते, आणि मग त्यांच्यासाठी कुणी बोटही उचललं नसतं. आमचे आकडे खरे निघाले. त्यांच्यासाठी तरी कुणी बोट उचललं असं मला दिसलं नाही.

पुढे मी पुष्कळ पोरापोरींना हे काम शिकवलं. पहिल्याच दिवशी त्यांना सांगायचे, चित्रावर विश्वास ठेवायचा नाही. वरून सगळं सारखं दिसतं. साग असो की जळाल्या जागेवर माजलेली रायमुनियाची, म्हणजे घाणेरीची झुडपं असोत, रंग तोच. पायांनी जाऊन पाहिल्याशिवाय एक ओळ लिहायची नाही. या बाबतीत मी फार कडक होते. एका मुलानं घरबसल्या एक चौकट भरून दिली होती, त्याला मी सगळ्यांसमोर इतकं बोलले की तो रडला.

चहा संपल्यावर मी ते चित्र मोठं केलं. टेकडीच्या पोटात, मला वाटतं त्याच जागी, एक गडद तुकडा आहे. दाट आहे. चौकोनी आहे असं म्हणावंसं वाटतं, पण म्हणवत नाही. साग असतील, झुडपं असतील. कळायला जावं लागेल, आणि जाणं काही अवघड नाही, खामगावहून आता दिवसभर गाड्या असतात. इतक्या वर्षांत मी गावी लग्नकार्याला गेले, जयंतीला गेले, विहाराच्या पायरीवर टेकडीकडे पाठ करून बसले. तुझी भावजय जिवंत होती तोवर एकदोनदा म्हणाली, "चाल, वर जाऊन येऊ." माझे गुडघे दुखतात म्हटलं. तेव्हा दुखत नव्हते.

हे कागद मी कपाटात तुझ्या लुगड्याखाली ठेवीन, जळकं नव्हे, दुसरं. तुला सांगितलं होतं ना, एकबी गेलं नाही म्हणून? ते मी न पाहता सांगितलं होतं, माय. अजूनही पाहिलेलं नाही.